इंजिन रंगवू नका, आधी बॉयलर उघडा

स्टेशनासमोर किंवा एखाद्या ऑफिसच्या आवारात चौथऱ्यावर उभं केलेलं वाफेचं इंजिन दिसलं की लोक थांबून फोटो काढतात. मलाही ते बघायला फार आवडतं. पण दरवर्षी रंगाचा हात मारणं म्हणजे जतन नव्हे. इंजिन आतून सडतं. धुराड्यातून पावसाचं पाणी स्मोकबॉक्समध्ये, म्हणजे धुराड्याखालच्या कप्प्यात, उतरतं, तिथली जुनी राख ओली होते आणि तळाचा पत्रा खात जाते. बॉयलरवरच्या आवरणाखाली ओल धरून राहते. वरून चकचकीत दिसणाऱ्या इंजिनाचा आत भुगा झालेला असू शकतो.

आमचे नाना भुसावळच्या लोको शेडमध्ये बॉयलरवर होते. फायरबॉक्सच्या, म्हणजे कोळसा जळतो त्या भट्टीच्या, आतल्या आणि बाहेरच्या भिंती शेकडो स्टेंनी, म्हणजे धातूच्या छोट्या दांड्यांनी, एकमेकींना बांधलेल्या असतात. प्रत्येक स्टेवर हातोडी मारायची आणि ऐकायचं. धड स्टे खणखणतो, तुटलेला बद्द वाजतो. शिवाय स्टेच्या टोकातून आत बारीक भोक पाडलेलं असतं. स्टे तुटला की तिथून पाणी पाझरतं आणि धोका आधीच कळतो. दुरुस्तीनंतर बॉयलर गार पाण्याने काठोकाठ भरून दाब देतात. पाणी जवळजवळ दबत नाही, त्यामुळे पत्रा फाटला तरी स्फोट न होता फक्त गळतो. हे सगळं पुस्तकात सापडेलही, पण तो बद्द आवाज ओळखणारा कान पुस्तकातून येत नाही.

चित्तरंजनच्या कारखान्याने ब्रॉडगेजचं शेवटचं वाफेचं इंजिन 1970 साली बनवलं, त्याचं नाव 'अंतिम सितारा'. ब्रॉडगेजवरची नियमित वाफेची गाडी 1995 मध्ये थांबली. तेव्हा पस्तिशीत असलेला फिटर आज पासष्टीच्या पुढे आहे. लोखंड अजून वीस वर्षं उभं राहील. ही माणसं तेवढा वेळ थांबणार नाहीत, आणि मला खरी घाई त्यांची आहे.

हौशी माणसांना हे जमतं का, असं लोक विचारतात. वेल्समधली तालिलिन ही पाटीच्या दगडाच्या खाणीसाठी 1865 मध्ये बांधलेली छोटी नॅरोगेज, म्हणजे अरुंद रुळांची रेल्वे. 1951 पासून ती स्वयंसेवक चालवतात, आणि अशी ती जगातली पहिली. वेल्समधल्याच बॅरीच्या भंगारखान्यातून लोकांनी वर्गण्या काढून 213 इंजिनं सोडवून आणली. 'टॉर्नेडो' नावाचं इंजिन तर ब्रिटनमधल्या अशाच हौशी माणसांनी नवंच बांधलं. त्या जातीचं एकही इंजिन उरलं नव्हतं, म्हणून 1990 मध्ये काम हाती घेतलं आणि 2008 मध्ये ते वाफेवर धावलं. अठरा वर्षं लागली, पैसा बराचसा साध्या माणसांच्या नियमित छोट्या वर्गणीचा. वर्गणी कशी काढायची हे खान्देशातल्या गणेश मंडळांना कुणी शिकवायची गरज नाही.

आपल्या देशातही हरियाणातल्या रेवाडीच्या शेडमध्ये हे काम चालतं. 1855 चं 'फेअरी क्वीन' इंजिन 1997 मध्ये पुन्हा धावलं. पण ते काम रेल्वेचं. गावातल्या माणसांनी स्वतः हात काळे करून केलेलं काम मला इथे बघायचं आहे.

आणि त्यासाठी जागा आहे. जळगाव जिल्ह्यातली पाचोरा-जामनेर ही अडीच फुटी रुळांवरची गाडी, आपली पीजे. 56 किलोमीटरचा मार्ग, आधी वाफेवर, मग डिझेलवर चाललेला. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये थांबली ती थांबलीच. ब्रॉडगेज व्हायलाच हवं, जामनेरच्या माणसाला मोठी गाडी मिळायलाच हवी, त्यात दुमत नाही. पण जुन्या मार्गाचा दोन-चार किलोमीटरचा तुकडा आणि एक छोटं इंजिन राखलं तर कुणाचं काय अडणार आहे? छोटं इंजिन म्हणजे छोटा बॉयलर, आवाक्यातला खर्च. तापी-पूर्णेच्या पट्ट्यात आयटीआय आहेत, लेथवर बसणारी पोरं आहेत. शाळा-दवाखान्यांना पैसे नाहीत आणि हे काय, असं म्हणणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे की हा सरकारचा पैसा नाही. रविवारी चार तास देणाऱ्या पोराला इथे रिव्हेट मारायला, बेअरिंग ओतायला, व्हॉल्व्हची वेळ जुळवायला शिकता येईल. आज हे त्याला दुसरीकडे कुठे शिकायला मिळणार?

इंजिन मिळायला परवानग्या लागतील, वर्षं जातील. त्याच्या आधीचं काम आजच होण्यासारखं आहे. भुसावळ, पाचोरा, चाळीसगाव, अमळनेर, नंदुरबार, ज्या घरात शेडमध्ये काम केलेला माणूस आहे, तिथे मोबाइल समोर ठेवून त्यांना विचारा. वॉशआउट करताना, म्हणजे बॉयलर आतून धुताना, प्लग कुठून काढायचे? बॉयलरच्या नळ्या गळू लागल्या तर त्यांची तोंडं कशी फुगवायची? पाणी कमी झालं की वितळून इशारा देणारा शिशाचा प्लग किती दिवसांनी बदलायचा? बॉयलरमध्ये पाणी ढकलणारा इंजेक्टर पाणी उचलत नसेल तर आधी काय बघायचं? त्यांचे हात कसे हलतात तेही चित्रीत करा.