दुसरा भाग फसलेला नाही हो!

नायिका स्पेन्साची जुनी मित्रमंडळी मागे पडली म्हणून ब्रँडन सँडरसनच्या 'स्टारसाइट' या विज्ञानकादंबरीची रंगत गेली, हे तिच्यावरच्या लेखातलं मत काही पटलं नाही. पहिल्या भागात, 'स्कायवर्ड'मध्ये (2018), लढाऊ वैमानिक स्पेन्साला परग्रहवासी म्हणजे नुसती पाडायची विमानं. 2019च्या या भागात ती वेषांतर करून थेट त्यांच्यातच जाऊन राहते. त्यात तो परग्रहवासी मॉरियुमुर! जन्माआधीच ट्रायलवर आणलेलं पोर. घरच्यांना पसंत पडलं तर ठीक, नाहीतर पुन्हा नव्याने. हसता हसता घशात आवंढाच आला. शिवाय वीतभर उंचीचे, अंगापेक्षा ऐट मोठी असलेले, कोल्ह्यांसारखे दिसणारे परग्रहवासी! मधली हेरगिरी जरा रेंगाळते, मान्य. पण शेवट? रात्री दीडला पुस्तक मिटलं आणि छताकडे बघत बसले.