आवाज उसना चालतो, मग शरीर का नाही?

सिनेमाच्या प्रमोशनमध्ये ‘सगळे स्टंट हिरोने स्वतः केलेत’ हे वाक्य कानावर आलं की मला मनापासून राग येतो. काही जण खरंच करतात, त्यांचं कौतुकच आहे. पण बऱ्याच वेळा ते काम दुसऱ्याच कुणीतरी केलेलं असतं आणि ‘कुठे बोलणार नाही’ असं त्याच्याकडून लिहून घेतलेलं असतं.

माझा मावसभाऊ असंच काम करतो. आमचा दादा. सोलापुरातल्या तालमीत घडलेला. काका यंत्रमागावर कामाला, मावशी घरी विड्या वळायची. एके रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेस धरून तो मुंबईला गेला. आधी गर्दीत उभा राहिला, मग एका फाइट मास्टरच्या नजरेत त्याची उंची आणि खांदे भरले आणि तो एका हिरोचा बॉडी डबल झाला, म्हणजे पडद्यावर त्याच्या जागी दिसणारा माणूस. कोणाचा ते इथे लिहिणार नाही, त्याच्या पोटाचा प्रश्न आहे.

डबल म्हणजे उंचावरून उडी मारणारा, असं आपल्याला वाटतं. ते स्टंट डबलचं काम. बॉडी डबलचं निम्मं काम नुसतं उभं राहण्याचं, चालण्याचं, पाठ दाखवण्याचं. समोरच्याचा क्लोजअप चालू असतो आणि फ्रेमच्या कडेला हिरोचा खांदा आणि कान दिसतो, तो खांदा डबलचा. डबल रोलमध्ये एका भावाचा चेहरा दिसतो तेव्हा दुसऱ्याची पाठ याची. दादा सुरुवातीला सेटवर बसून फक्त हिरोकडे बघत राहायचा. जिना चढताना आधी कुठला पाय टाकतो, विचारात पडला की हात कुठे जातो. मानेवरचा तीळ मेकअपमन काढून देतो, चाल मात्र स्वतःलाच कमवावी लागते. शर्ट एकाच ताग्यातून शिवलेले. मारामारी असेल तर डबलचा एक नंबर मोठा, कारण आत कोपराला, खांद्याला पॅड बांधायचे असतात.

शिवाय हिरोने भूमिकेसाठी वजन उतरवलं की यालाही उतरवावं लागतं. हिरोच्या दिमतीला ट्रेनर आणि आहारतज्ज्ञ. दादाची अंडी, चिकन आणि जिमची फी त्याच्याच खिशातून. सलमान खानचे बॉडी डबल सागर पांडे २०२२ मध्ये व्यायाम करतानाच कोसळले आणि गेले. ती बातमी वाचून मावशीने दादाला फोन केला होता, आवाज ऐकेपर्यंत तिच्या जिवात जीव नव्हता.

एकदा आम्ही घरचे सगळे भागवत थिएटरला त्याचा सिनेमा बघायला गेलो. मध्यंतराच्या आधी हिरो पावसात गल्लीतून पाठमोरा चालत जातो. मावशी एकदम मोठ्यांदा म्हणाली, “अगं, हा आपला पोरगा हाय!” पुढच्या रांगेतली पोरं मागे वळून हसली. पण तिचं बरोबर होतं. डबकं ओलांडताना डावा हात जरासा बाहेर काढायची त्याची लहानपणापासूनची सवय आहे, ती कितीही घोटून घेतली तरी गेली नव्हती. सिनेमा संपला, दिवे लागले, लोक उठले. आम्ही उभे राहून नावांच्या पाट्या वाचत होतो. मावशीला वाचता येत नाही, ती सारखी मला विचारत होती, “आलं का गं?” चहा देणाऱ्यांची नावं होती, जनरेटरवाल्यांची होती, आणि ती असायलाच हवीत. दादाचं नव्हतं.

यावर लोक म्हणतात, नाव टाकलं तर पडद्यावरची जादू जाईल. मला हे अजिबात पटत नाही. आपण गेली कित्येक दशकं नटाच्या तोंडी दुसऱ्याचा आवाज ऐकतोय. ‘महल’ १९४९ चा. ‘आयेगा आनेवाला’च्या रेकॉर्डवर गायिका म्हणून लताबाईंचं नाव नव्हतं, सिनेमातल्या पात्राचं होतं, ‘कामिनी’. श्रोत्यांनी रेडिओकडे विचारणा केली तेव्हा लताबाईंचं नाव कळलं. गायकांना फिल्मफेअर मिळायला १९५९ उजाडावं लागलं. त्यानंतर ‘महल’ची नायिका मधुबाला कुणाला कमी वाटली? उलट गाणं ऐकताना आपण दोघींना दाद देतो. गळा उसना घेतला हे उघडपणे सांगता येतं, तर पाठ उसनी घेतली हे सांगायला लाज कसली?

‘शोले’मधला बसंतीचा टांगा सगळ्यांना आठवतो. त्या पाठलागात हेमामालिनींच्या जागी रेश्मा पठाण होत्या. त्या शूटिंगमध्ये त्या जखमी झाल्या आणि तरी काम पुरं केलं. सिनेमा १९७५ चा, त्यांच्यावरचा ‘द शोले गर्ल’ आला २०१९ मध्ये. चव्वेचाळीस वर्षं! आपल्याकडे राष्ट्रीय पुरस्कारांत अ‍ॅक्शन दिग्दर्शनाचा विभाग आता आहे, तो मास्टरला मिळतो. ऑस्करनेही स्टंट डिझाइनसाठी पुरस्कार जाहीर केलाय, २०२७ च्या सिनेमांना तो २०२८ मध्ये मिळेल. आनंद आहे, पण पाठमोरं चालणाऱ्याला त्यातही जागा नाही.

जिवाचं तर विचारूच नका. आपल्या सोलापूरकरांना कन्नड सिनेमा परका नाही. २०१६ मध्ये ‘मास्ती गुडी’च्या शूटिंगमध्ये अनिल आणि उदय या दोघांनी हेलिकॉप्टरमधून जलाशयात उडी घेतली, ते बुडाले. जुलै २०२५ मध्ये तमिळनाडूत मोटारीचा स्टंट करताना एस. एम. राजू गेले. अक्षय कुमारने २०१७ मध्ये स्टंट कलाकारांच्या विम्यासाठी पुढाकार घेतला, त्याबद्दल त्याला मानलंच पाहिजे. पण एवढ्या मोठ्या धंद्यात विमा एका नटाच्या चांगुलपणावर का अवलंबून असावा?

आणि आता नवीनच काळजी. ‘द सोशल नेटवर्क’मध्ये २०१० सालीच जुळ्या भावांपैकी एकाचं अंग जॉश पेन्सचं होतं आणि त्यावर चेहरा आर्मी हॅमरचा बसवला होता. तेव्हा ते खर्चिक होतं, आता एआयने सोपं होत चाललंय. दादाच्या अंगाचं एकदा स्कॅनिंग झालं की पुढच्या सिनेमात त्याला बोलवायचीही गरज नाही, पैसे द्यायचे तर लांबच.

‘सैराट’ नंतर आपल्या जिल्ह्यातल्या पोरांना सिनेमा हाताशी आल्यासारखा वाटतो, ते चांगलंच आहे. गड्ड्याच्या जत्रेला दादा घरी आला की तालमीतली पोरं त्याला घेरतात. तो त्यांना ठणकावून सांगतो, “आधी संघटनेचं कार्ड काढा, विमा आहे का विचारा, आणि स्कॅनिंग केलं तर ते कुठं-कुठं वापरणार ते कागदावर घ्या. नाय म्हणाले तर रात्रीची गाडी धरून घरी या बे.”

मराठी निर्मात्यांपैकी कुणी हे वाचत असेल तर माझं मागणं छोटं आहे. सिनेमा लागला की गप्प राहायची अट करारातून काढा. आणि सुरुवातीच्या पाट्यांमध्ये, जिथे पार्श्वगायकांची नावं येतात तिथेच, बॉडी डबलचं नाव टाका, सहज वाचता येईल एवढ्या अक्षरात.