म्हणे गोल स्वेटरचं माप बदलायला नंबर वाढवा!

माझ्या आत्याने बगलेपर्यंत आलेला स्वेटर परवा अख्खा उसवला. गोल सुईवर फेऱ्याफेऱ्यांनी विणलेला, बिनशिवणीचा, नातवासाठी. कारण काय, तर भिशीच्या ग्रुपवर फिरणारा ‘गोल विणीचे पाच सोनेरी नियम’ हा मेसेज. ज्यांनी तो पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: स्वेटर मोठा हवा तर दोन नंबर वरची सुई घ्या, नाहीतर प्रत्येक मापाला दहा टाके वाढवा, गोल विणीत नमुना (इंचाला किती टाके बसतात ते मोजायचा छोटा तुकडा) विणून बघावा लागत नाही, पहिल्या फेऱ्यात सुईवरच्या टाक्यांच्या ओळीला पीळ पडला तरी तो पुढे आपोआप सुटतो, बाह्या जोडल्या की लांबी बदलता येत नाही, आणि सैल झालाच तर गरम पाण्यात बुडवा, अंगाबरोबर बसेल.

आधी सुईचंच बोलू, कारण आत्या तिथेच फसली. आपल्याकडे लोकरीच्या दुकानात नंबराने ज्या सुया मिळतात, तो जुना ब्रिटिश नंबर. त्यात नंबर चढला की सुई बारीक होते, म्हणजे टाकेही लहान. ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, १० नंबर म्हणजे सव्वातीन. अमेरिकेत नेमकं उलटं: तिथली ८ नंबरची सुई ५ मिलिमीटरची आणि १० नंबरची ६. कुणीतरी अमेरिकन सल्ला उचलून, आपल्या दुकानात काय मिळतं हे न बघता पुढे ढकललाय. आत्याने सांगितल्याप्रमाणे ८ ठेवून १० घेतली आणि स्वेटर मोठा व्हायचा सोडून आवळत गेला. बायांनो, मिलिमीटर बघा. पाकिटावर लिहिलेले असतात. आणि सुई खरोखर जाड घेतली तरी त्याने थोडाच फरक पडतो. त्यापुढे गेलात की वीण जाळीसारखी विरळ होते.

‘प्रत्येक मापाला दहा टाके’. कुठल्या लोकरीत? इंचाला ५ टाके बसत असतील तर दहा टाक्यांनी घेर २ इंच वाढतो. बारीक लोकरीत इंचाला ७ बसले तर दीड इंचही वाढत नाही. जाड लोकरीत साडेतीन बसले तर जवळजवळ ३ इंच. म्हणजे हा नियम नाही, मटका आहे.

यावर पक्का हिशेब केव्हाच करून ठेवलेला आहे. एलिझाबेथ झिमरमन (१९१० ते १९९९) ही इंग्लंडमध्ये जन्मलेली, अमेरिकेत स्थायिक झालेली विणकर. तिची टक्केवारीची पद्धत जगभर वापरतात. छातीच्या घेराचे टाके म्हणजे १००. मनगटाशी त्याचे २० टक्के, दंडाशी ३३, प्रत्येक बगलेत ८, गळ्याशी ४०. स्वेटरचा घेर ४० इंच हवा आणि इंचाला ५ टाके बसतात, तर अंगाचे २००, मनगटाचे ४०, दंडाचे ६६, बगलेचे १६, गळ्याचे ८०. घेर बदला, बाकी सगळं आपोआप बदलतं. कुणाचा दंड भरलेला असेल तर तिथे चार टाके जास्त घ्या, तेवढं आपल्याला कळतंच.

पण हा सगळा डोलारा ‘इंचाला ५’ यावर उभा आहे, आणि मेसेज म्हणतो नमुना नको! ५ च्या जागी साडेपाच बसले तर तेच २०० टाके ४० ऐवजी साधारण सव्वाछत्तीस इंचांत संपतात. शिवाय नमुना गोलच विणायला हवा. दोन सुयांवर एक ओळ सुलट, एक उलट; गोल विणीत सगळे फेरे सुलट. बहुतेकींची उलट ओळ जरा सैल पडते, त्यामुळे सपाट तुकड्याचं माप गोल स्वेटरला लागू होईलच असं नाही.

पिळाबद्दल एक अर्धसत्य आहे, नाइलाजाने मान्य करते. पहिला फेरा संपताना पीळ दिसला तर पहिल्या आणि शेवटच्या टाक्यामधल्या धाग्यावर तो फिरवून घेता येतो. त्यानंतर नाही. दहा फेरे विणा नाहीतर शंभर, तो सुटत नाही. उसवा आणि टाके पुन्हा घाला.

सगळ्यांत वाईट तो गरम पाण्याचा नियम. खऱ्या लोकरीच्या केसाला बारीक खवले असतात. गरम पाणी, साबण आणि चोळणं एकत्र आलं की ते एकमेकांत अडकतात आणि मग सुटत नाहीत. नमदा, म्हणजे लोकरीचं घट्ट जाड कापड, मुद्दाम असाच करतात. आटणं आपल्याला हवं तिथे थांबत नाही, लांबीला आणि रुंदीला सारखं होत नाही. मशीनमध्ये धुता येणाऱ्या लोकरीचे खवले प्रक्रिया करून निष्प्रभ केलेले असतात, त्यामुळे ती आटत नाही. ओली झाली की उलट ताणते. आणि आपण ‘लोकर’ म्हणून आणतो ते बऱ्याचदा अ‍ॅक्रिलिक, म्हणजे कृत्रिम धागा असतो. तो आटत तर नाहीच, जास्त उष्णता लागली की लुळा पडतो, कायमचा. तिन्ही प्रकारांत स्वेटर गेला.

राहिली लांबी. नक्षीदार योकचे, म्हणजे गळ्या-खांद्याभोवतीच्या भागात गोल नक्षी असलेले, आइसलंडच्या लोपापेयसासारखे स्वेटर, त्यांच्या नक्षीच्या भागात मनाप्रमाणे टाके वाढवता येत नाहीत, हे खरं. नक्षी १२ टाक्यांची असेल तर १२ च्या पटीतच जावं लागतं. पण बगलेखालची लांबी? वरून खाली विणत असाल तर घालून बघा आणि हवं तितकं विणत राहा. खालून वर विणून पूर्ण झाला असेल तरी साध्या सुलट विणीत बॉर्डरच्या वरच्या एका फेऱ्याचे सगळे टाके सुईवर घ्या, त्याच्या खालच्या फेऱ्यातला एक धागा कापून तो फेरा ओढून काढा, बॉर्डर सुटी होईल. मग त्या टाक्यांवरून खालच्या दिशेने विणा आणि शेवटी बॉर्डर नव्याने घाला. जोड दिसत नाही.