हस्की, दुबई आणि ‘निसर्गाचा थर्मास’: एका फिरत्या मेसेजला उत्तर

उन्हाळा तोंडावर आला की दुबई-शारजाच्या फोनांवर एक मेसेज फिरू लागतो. सायबेरियन हस्की इथे बिनधास्त पाळा, असा त्याचा सूर. मुद्दे थोडक्यात असे: हस्कीचा दुहेरी कोट थर्माससारखा ऊनही बाहेरच ठेवतो, घरी एसी असला की झालं, फिरवायला सूर्य मावळल्यावर न्या, दोन उन्हाळे काढले की सवय होते, त्रास वाटलाच तर केस उतरवा किंवा कूलिंग जॅकेट घाला, उष्माघात झाला तर गार पाणी चुकूनही वापरू नका, ओला टॉवेल गुंडाळून दवाखाना गाठा, आणि नाहीच जमलं तर गावी पाठवा. यातले एक-दोन मुद्दे अर्धे खरे आहेत, म्हणूनच लोक बाकीच्यांवरही विश्वास ठेवतात.

आधी थर्मासचं पाहू. थर्मासमधला चहा स्वतः उष्णता तयार करत नाही, कुत्रा करतो. सगळी गफलत इथेच आहे. हस्कीचे वरचे लांब, सरळ केस ऊन कातडीपर्यंत पोचू देत नाहीत, हे खरं. त्याखालचा लोकरीसारखा दाट अंडरकोट मात्र शरीरातली उष्णता आत धरून ठेवतो. सायबेरियात चुकची लोकांनी हा कुत्रा बर्फावरून स्लेज ओढायला वाढवला, त्या कामाला तेच हवं होतं. कुत्र्याचं नेहमीचं तापमान ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस. हवा त्याहून बरीच गार असेल तर उष्णता कातडीतून बाहेर जाते. दुबईच्या जुलैत दुपारी हवा ४१-४२ अंशांवर असते, म्हणजे तो रस्ता बंद, उलट बाहेरचीच उष्णता आत येते. उरतं फक्त धापा टाकणं. सावलीत निपचित पडलेल्या कुत्र्याला कोटाचा थोडा फायदा होईलही. पण तो चालायला लागला की स्नायूंत कित्येक पटींनी उष्णता तयार होते आणि तोच कोट अंगावर रजईचं काम करतो. ब्रिटनमधल्या नऊ लाखांहून अधिक कुत्र्यांच्या दवाखाना-नोंदींचा २०२० साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की उष्णतेने आजारी पडण्याचा सर्वांत जास्त धोका चाऊ चाऊला, लॅब्रॅडॉरच्या सुमारे सतरापट. चाऊचं नाक आखूड असतं हे धरलं, तरी कोट तोच, दुहेरी आणि दाट. त्याच संशोधकांना असंही दिसलं की अशा आजारांपैकी जवळजवळ तीन-चतुर्थांश व्यायामामुळे झाले होते, बंद गाडीत अडकल्यामुळे नव्हे. आणि हे ब्रिटनमध्ये.

‘सूर्य मावळल्यावर न्या’ हा मेसेजमधला सगळ्यात घातक सल्ला. दुबईला वाळवंटी शहर म्हटलं की कोरडी हवा आणि गार रात्र डोळ्यांसमोर येते. अल ऐन किंवा रियाधला ते बऱ्यापैकी लागू पडेल. दुबई मात्र समुद्रकाठी आहे आणि ऑगस्टमध्ये आखाताचं पाणीच ३२-३४ अंश तापलेलं असतं. दुपारपासून समुद्रावरून येणारा वारा ती वाफ शहरात आणून सोडतो. रात्री नऊला पारा ३५-३६वर उतरला म्हणून हायसं वाटतं, पण तोवर हवेतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या पुढे गेलेली असते. कुत्र्याची थंड होण्याची पद्धत म्हणजे जीभ आणि नाकाच्या आतल्या ओलाव्याचं बाष्पीभवन. हवा आधीच वाफेने भरली असेल तर हे बाष्पीभवन होणार कसं? नागपूरकरांना हे समजावून सांगायला नको: वाळ्याचा कूलर मे महिन्यात खोली गारेगार करतो आणि पाऊस सुरू झाला की नुसती चिकचिक. दुबईची ऑगस्टमधली रात्र म्हणजे विदर्भाचा पारा आणि मुंबईची दमट हवा, दोन्ही एकदम.

त्यात जमीन. दिवसभर तापलेलं डांबर आणि इंटरलॉक फरशी रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहते आणि कुत्र्याचं पोट तिच्यापासून हातभरही वर नसतं. तळहाताची मागची बाजू जमिनीवर सात सेकंद टेकवून पाहा. टेकवत नसेल तर पंजे भाजणार. सोसायटीच्या डॉग पार्कमधल्या कृत्रिम हिरवळीला भुलू नका, उन्हात ती खऱ्या गवतापेक्षा कितीतरी जास्त तापते. संयुक्त अरब अमिरातीत १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावरच्या कामाला बंदी असते. काही जण तेच वेळापत्रक कुत्र्याला लावतात, तेवढे अडीच तास सोडून बाकी वेळ मोकळी समजतात. तो नियम अंगभर घाम येणाऱ्या माणसांसाठी आहे. कुत्र्याला घाम येतो तो पंज्यांच्या गाद्यांना, आणि त्याने अंग थंड होत नाही.

मग न्यायचं कधी? पहाटे चार ते सव्वापाच, सूर्य उगवायच्या आत. तेव्हाही हवा ३० अंशांच्या आसपासच असते, पण जमीन रात्रभरात निवलेली असते. निर्णय घेताना तापमानाकडे पाहू नका, हवामानाच्या ॲपमध्ये दवबिंदू (ड्यू पॉइंट, हवेत वाफ किती आहे ते सांगणारा आकडा) पाहा. तो २४च्या वर असेल तर फक्त शी-शू, दहा मिनिटांत परत. जून ते सप्टेंबर बहुतेक दिवस असेच जातात. धावणं, चेंडू, सायकलच्या बाजूने पळवणं हे सगळं नोव्हेंबर ते मार्चचं काम. बेसमेंटमधल्या पार्किंगमध्ये फिरवणं हाही उपाय नाही, तिथे ऊन नसलं तरी हवा कोंदट आणि तापलेलीच असते.

‘घरी एसी असला की झालं.’ निम्मं झालं. हस्की असलेल्या घरात खोली २०-२१ अंशांवर आणि आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास चोवीस तास ठेवावी लागते, घरात कोणी नसतानाही. एसीचा मोठा शत्रू तर घरातच असतो: गळणारा अंडरकोट. कायम एसी आणि दिव्यांच्या उजेडात राहणारी हस्की वर्षातून दोनदा नव्हे, बारा महिने थोडी थोडी गळत राहते. ते केस फिल्टरवर जाड थराने बसतात, हवेचा झोत कमी होतो, कॉइलवर बर्फ धरतो आणि एसी चालू दिसत असूनही खोली तापायला लागते. दुसरी नेहमीची गोष्ट म्हणजे पाणी वाहून नेणारी नळी केस आणि शेवाळाने तुंबते. ट्रेमध्ये पाणी चढलं की फ्लोट स्विच यंत्र बंद पाडतो. घरातली माणसं ऑफिसात आणि हे सकाळी अकराला घडलं, तर संध्याकाळपर्यंत खोली ३५च्या घरात.

म्हणून फिल्टर दर दहा दिवसांनी धुवायचा, नळीसह सर्व्हिसिंग मार्चमध्ये आणि पुन्हा जुलैच्या सुरुवातीला. खोलीत फोनला जोडलेला तापमापक, २६ अंशांवर अलार्म. किल्ली अशा शेजाऱ्याकडे, जो दहा मिनिटांत पोचू शकेल. एका लहान खोलीपुरता पोर्टेबल एसी घरात हवा, गरम हवा बाहेर टाकणारा पाइप खिडकीत आधीच बसवून पाहिलेला. फ्लॅट ‘चिलर फ्री’ आहे, म्हणजे एसीच्या गारव्याचे पैसे वेगळे भरावे लागत नाहीत, म्हणून निश्चिंत होऊ नका. त्याने बिल वाचतं, बिघाड टळत नाही.

आणि एसीत कुत्रा जिवंत राहील, पण करणार काय? मैलोन्‌मैल धावण्यासाठी घडवलेला २०-२५ किलोचा कुत्रा चार महिने टूबीएचकेत. सोफा फाडणं, दार खरवडणं, रात्री लांडग्यासारखं हेल काढून रडणं आणि मग बिल्डिंग मॅनेजरचा ईमेल, हा क्रम इथल्या हस्कीवाल्यांना पाठ असतो. ट्रेडमिल चालते, मात्र कुत्र्यासाठी केलेली, लांब पट्ट्याची. खोली १८-२० अंश, समोरून पंखा. सुरुवात पाच मिनिटं, ताशी तीन-चार किलोमीटर, तीन-चार आठवड्यांत वीस मिनिटांपर्यंत. कुत्र्याच्या गळ्यातला पट्टा यंत्राला कधीही बांधायचा नाही. जेवण वाडग्यात न देता घरभर लपवायचं, किंवा रबरी खेळण्यात भरून गोठवायचं. हालचाल कमी झाल्यावर खाणंही दहा-पंधरा टक्के कमी करायचं आणि दर पंधरवड्याला वजन घ्यायचं. अंगाने सुटलेला हस्की उन्हाळ्यात दुप्पट अडचणीत येतो.

सवयीचं म्हणाल तर उष्णतेशी जुळवून घेण्याची क्रिया कुत्र्यांत असते. दहा ते वीस दिवसांत ती अंशतः होते, पुरती व्हायला दोन महिनेही लागतात, पण त्यासाठी रोज थोडं थोडं उष्णतेत राहावं लागतं. चोवीस तास २१ अंशांत राहणाऱ्या कुत्र्याचं शरीर कशाशी जुळवून घेणार? लिफ्टचं दार उघडलं की तो थेट ४० अंशांत, दरवेळी नव्याने. ‘सवय झाली’ म्हणून जे दाखवलं जातं, ते बहुतेक वेळा फरशीवर पाय पसरून पडून राहणं असतं. हालचाल टाळणारा कुत्रा त्रासात असू शकतो, ही शक्यता मालकाच्या मनात येत नाही.

केस उतरवण्याबद्दल एवढंच: करू नका. कातडी उघडी पडून उन्हाने भाजते आणि हस्की, मालाम्यूट, सामोयेड, चाऊ या जातींत भादरल्यावर केस महिनोन्‌महिने न येणं हा नेहमी दिसणारा प्रकार आहे. वर्ष-दीड वर्ष लागतं, आणि आले तरी कधी ठिगळासारखे येतात. त्याऐवजी आठवड्यातून दोनदा अंडरकोट रेकने (लांब दातांच्या फणीने) आतली सुटी लोकर काढा आणि महिन्यातून एकदा जोरदार झोताच्या, गार हवेच्या ड्रायरने उरलेली उडवा. रोजची आंघोळही नको, वरचे केस वाळतात, अंडरकोट ओला राहतो आणि आत कातडी चिघळते. पाण्यात भिजवून घालायच्या कूलिंग जॅकेटचं गणित कूलरसारखंच: कोरड्या हवेत चालतं, दुबईच्या दमट रात्री पाणी उडत नाही, कोमट होतं आणि अंगावर तिसरा थर चढतो. ताक, नारळपाणी, ओआरएस यांचीही गरज नाही. धापा टाकताना माणसाच्या घामासारखं मीठ जात नाही. साधं पाणी पुरे, दोन-तीन ठिकाणी ठेवलेलं. २२ किलोच्या कुत्र्याला एरवी दिवसाला लिटर-सव्वा लिटर लागतं, उन्हाळ्यात त्याहून बरंच जास्त.

आता उष्माघात. गार पाण्याने रक्तवाहिन्या आकसतात आणि उष्णता आत कोंडते, म्हणून गार पाणी नको, ही समजूत जुनी आहे आणि चुकीची. आजचा सल्ला स्पष्ट आहे: आधी थंड करा, मग न्या. खुणा लक्षात ठेवा: जीभ टोकाला पसरट होऊन लोंबते, लाळ घट्ट आणि तारेसारखी, हिरड्या गडद लाल, चाल लटपटती, पुढे उलटी, रक्ताचे जुलाब, झटके. गुदद्वारातलं तापमान ४१च्या पुढे गेलं की अवयवांना इजा सुरू झाली असं धरा. तरुण, निरोगी कुत्र्याला मानेपर्यंत गार पाण्यात बसवा, डोकं वर धरून. म्हाताऱ्या किंवा हृदयविकार असलेल्या कुत्र्यावर पाणी ओतत राहा आणि पंख्याचा झोत ठेवा. केस बाजूला सारून पाणी कातडीपर्यंत पोचवा, मांड्या, काखा, पोट. गुंडाळलेला ओला टॉवेल दोन मिनिटांत गरम होतो आणि उष्णता आत अडकवतो. बेशुद्ध कुत्र्याच्या तोंडात पाणी ओतू नका.

इथे दुबईची खास अडचण येते. टाक्या गच्चीवर, त्यामुळे ऑगस्टमध्ये ‘थंड’ नळातून पोळणारं पाणी येतं. जुने रहिवासी मे महिन्यातच गीझर बंद करतात आणि गार पाण्यासाठी गरम नळ उघडतात, कारण गीझरच्या टाकीतलं पाणी घरातल्या एसीत निवलेलं असतं. हस्कीच्या घरात याशिवाय फ्रिजमध्ये पाच-सहा लिटर पाणी आणि फ्रीझरमध्ये बर्फ कायम हवा. दर दोन-तीन मिनिटांनी तापमान पाहा, ३९.५ला आलं की थांबा, नाहीतर ते खाली घसरत जातं. मग एसी आधीच चालू केलेल्या गाडीतून दवाखाना. कुत्रा उठून शेपूट हलवत असला तरी जायचंच. रक्त गोठण्याची क्रिया आणि मूत्रपिंडं एक-दोन दिवसांनीही ढासळू शकतात, म्हणून साखर, प्लेटलेट, क्रिएटिनिन या तपासण्या चोवीस आणि अठ्ठेचाळीस तासांनी पुन्हा करून मागा.

‘नाहीच जमलं तर गावी पाठवा’ हे जुलैत सुचतं, आणि जुलैत ते जवळपास अशक्य असतं. दुबईहून एवढा मोठा कुत्रा विमानाच्या पोटातूनच जातो आणि बऱ्याच विमान कंपन्या कडक उन्हाळ्यात कुत्रे घेतच नाहीत किंवा अटी घालतात. भारतात उतरवायला पशु संगरोध (क्वारंटाइन) केंद्राचं ना-हरकत पत्र लागतं. रेबीजची लस प्रवासाच्या किमान महिनाभर आधी आणि वर्षाच्या आत टोचलेली हवी. दोन वर्षं परदेशी राहून कायमचं परतणाऱ्याला सामानाच्या नियमांत दोनच पाळीव प्राणी आणता येतात. शिवाय गाव कुठलं? अकोला-जळगावला मे महिन्यात पारा ४५ गाठतो आणि तिथे चोवीस तास वीज असेलच असं नाही. तेव्हा परतायचं असेल तर विमान डिसेंबर-जानेवारीचं धरा आणि पेटीत बसायची सवय सप्टेंबरपासून लावा, रोज दहा मिनिटं, दार उघडं ठेवून.