टीबीचे जंतू औषध बघून बदलत नाहीत: फिरत्या संदेशाला उत्तर

मावसबहिणीने परवा रात्री एक संदेश पुढे पाठवला आणि खाली लिहिलं, "ताई, हे खरं आहे का गं? ह्यांनी आज गोळ्या घेतल्याच नाहीत." तिच्या नवऱ्याच्या टीबीच्या उपचाराचा दुसरा महिना चालू आहे. खोकला थांबलाय, वजन वाढतंय, भूक लागतेय. असा संदेश माणसाला पटतो तो नेमका याच दिवसांत.

संदेश मी आधीही पाहिला होता. वेगवेगळ्या गटांत थोडेफार शब्द बदलून तो फिरतो. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: औषधाचा मारा झाला की जंतू सावध होतात, औषध ओळखायला शिकतात आणि आपला डीएनए बदलून घेतात. जंतूंचा डीएनए कच्चा असतो, त्याची नक्कल कशीही होते, म्हणून ते हवे तसे बदलू शकतात. त्यामुळे चार औषधं एकदम देणं म्हणजे जंतूंना चारही औषधं शिकवणं. एकच घ्यावं, ते लागू पडेनासं झालं तर दुसरं. औषधाला दाद न देण्याची ही ताकद, म्हणजे रेझिस्टन्स, निसर्गात नव्हतीच, ती औषधांनी जन्माला घातली. आणि शेवटी, शरीराला औषधाची सवय लागते, म्हणून बरं वाटलं की थांबा.

मी मायक्रोबायोलॉजी शिकवते. यातली जवळपास प्रत्येक गोष्ट आमच्या दुसऱ्या वर्षाच्या अभ्यासक्रमात येते, आणि प्रत्येक गोष्ट उलटी सांगितलेली आहे. सगळ्यात घातक आहे ते पहिलंच वाक्य, कारण बाकीचं सगळं त्याच्यावर उभं आहे.

"जंतू औषध बघून शिकतात"

हा प्रश्न ऐंशी वर्षांपूर्वी शास्त्रज्ञांनाही पडला होता. जिवाणूंवर विषाणू सोडला की बहुतेक मरतात, थोडे वाचतात आणि त्यांची पिल्लावळही वाचते. मग ही ताकद विषाणू भेटल्यावर आली, की आधीपासूनच काहींमध्ये होती? अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठात काम करणारे साल्व्हादोर लुरिया यांना याची उकल एका समारंभात सुचली. त्यांचा एक सहकारी नाणं टाकून खेळायच्या जुगाराच्या यंत्रापाशी उभा होता. बहुतेक वेळा हाती काहीच नाही, आणि एखाद्या वेळी एकदम नाण्यांचा ढीग. उत्तर या ओबडधोबड वाटणीतच असल्याचं लुरियांच्या लक्षात आलं. माक्स डेलब्र्युक यांनी गणिताची बाजू सांभाळली आणि 1943 मध्ये दोघांचा निबंध प्रसिद्ध झाला.

प्रयोग साधा आहे. वीस वेगळ्या नळ्यांत मोजके जिवाणू टाकून वाढू द्यायचे. मग प्रत्येक नळीतले जिवाणू विषाणू पसरलेल्या ताटलीवर ओतायचे आणि वाचलेल्यांच्या वसाहती मोजायच्या. विषाणू भेटल्यावर जिवाणू शिकत असतील, तर सगळ्यांना ताटलीवरच, एकाच वेळी, सारखीच संधी मिळते. प्रत्येक ताटलीवर साधारण सारखे वाचले पाहिजेत. पण बदल आधीच, नळीत वाढताना, आपोआप घडत असेल तर हिशेब वेगळा लागतो. पणजोबांनी आडनाव बदललं असेल तर आज सगळी भावकी नव्या आडनावाची असते. कालच्या पोराने बदललं तर तो एकटाच असतो. म्हणजे एखाद्या नळीत बदल लवकर झाला तर वाचणारे शेकड्यांनी, उशिरा झाला तर एखाददुसरा, आणि झालाच नाही तर शून्य.

त्यांच्या एका प्रयोगात वीसपैकी अकरा नळ्यांतून एकही जिवाणू वाचला नाही. एकीतून मात्र 107 वाचले, एकीतून 64, एकीतून 35. दरवर्षी हे आकडे फळ्यावर लिहिताना मी थोडी थांबते. इतक्या साध्या मोजणीने इतका मोठा प्रश्न सुटल्याची उदाहरणं जीवशास्त्रात फार नाहीत.

तरीही कोणी म्हणेल, हा तर्क झाला, डोळ्यांनी दाखवा. ते 1952 मध्ये जोशुआ आणि एस्थर लेडरबर्ग यांनी दाखवलं. ताटलीवर वाढलेल्या वसाहतींवर त्यांनी मखमलीचा तुकडा ठसा घ्यावा तसा दाबला आणि तोच ठसा दुसऱ्या, औषध असलेल्या ताटलीवर उमटवला. तिथे एखादी वसाहत तगली, की पहिल्या ताटलीवर त्याच जागी परत यायचं. त्या जागेचे जिवाणू पुन्हा वाढवायचे, पुन्हा ठसा, पुन्हा तीच जागा. असं करत त्यांनी स्ट्रेप्टोमायसिन या औषधाला दाद न देणारे जिवाणू वेगळे काढले, आणि त्या जिवाणूंची स्ट्रेप्टोमायसिनशी कधी गाठच पडलेली नव्हती! ताकद औषधाच्या आधीची होती. औषधाने फक्त बाकीचे मारले.

यातला एक बारकावा लपवणं मला पटत नाही. डीएनए फार तुटला की जिवाणू आणीबाणीची यंत्रणा चालू करतो, तिला एसओएस म्हणतात. रेकए नावाचं प्रथिन धोका ओळखतं, लेक्सए नावाचं झाकण काढलं जातं, आणि घाईघाईने काम करणारी, चुका सोडणारी पॉलिमरेज, म्हणजे डीएनएची नक्कल उतरवणारी प्रथिनं, कामाला लागतात. सिप्रोफ्लॉक्सासिनसारखी औषधं डीएनए तोडत असल्याने ही यंत्रणा चालू करू शकतात. तेव्हा औषधामुळे चुकांचा वेग वाढू शकतो, हे खरं. पण चुका कुठे पडतील ते औषध ठरवत नाही. त्या जीनोमभर, म्हणजे अख्ख्या डीएनएभर, विखुरतात, बऱ्याच निरुपयोगी असतात, काही जिवाणूलाच मारतात. 1988 मध्ये जॉन केर्न्स यांनी उपाशी जिवाणू गरजेचाच बदल घडवतात की काय अशी शंका जाहीरपणे मांडली. पुढच्या तपासात त्याच उपाशी जिवाणूंमध्ये गरज नसलेल्या जनुकांतही बदल सापडले.

"जंतूंचा डीएनए कच्चा"

हे वाचून मला खरंच वाईट वाटलं, कारण वस्तुस्थिती इतकी सुंदर आहे. आपल्या आतड्यातल्या ई. कोलाय या जिवाणूचा डीएनए सुमारे 46 लाख अक्षरजोड्यांचा. नक्कल एका ठरलेल्या जागी सुरू होते आणि दोन्ही दिशांनी सेकंदाला साधारण हजार अक्षरांच्या वेगाने धावते. एवढ्या धावपळीत पॉलिमरेज नुसत्या जोडकामात लाखात एखादं अक्षर चुकवतं. पण त्याच यंत्राचा एक भाग मागे वळून चुकलेलं अक्षर तिथल्या तिथे कापून टाकतो. त्याने चुका शंभरपटींनी घटतात.

यातूनही निसटलेल्या चुकांसाठी तिसरी फळी आहे. पोथीची नक्कल तपासताना दोन प्रतींत फरक दिसला, तर कोणती खरी मानायची? जुनी. पण डीएनएचे दोन्ही धागे दिसायला सारखेच. ई. कोलाय जुन्या धाग्यावर जीएटीसी या अक्षरक्रमाशी मिथाइलची खूण करून ठेवतो. नव्या धाग्यावर ती खूण व्हायला थोडा वेळ लागतो. जणू नव्या प्रतीची शाई अजून ओली आहे. तेवढ्या अवधीत म्यूटएस नावाचं प्रथिन विजोड जोडी शोधतं, म्यूटएल निरोप पोचवतं, म्यूटएच खूण नसलेला धागा कापतं आणि तेवढा तुकडा पुन्हा लिहिला जातो. याखेरीज अतिनील किरणांनी चिकटलेली अक्षरं किंवा आपोआप युरॅसिल झालेलं सायटोसिन हे अक्षर काढणारी वेगळी दुरुस्ती आहेच. सगळी गाळणी लागल्यावर उरणारी चूक शंभर कोटी अक्षरांत एकाहूनही कमी. म्हणजे साधारण तीनशे वेळा अख्खा जीनोम उतरवावा तेव्हा एक बदल शिल्लक राहतो.

टीबीच्या जंतूत म्यूटएस-म्यूटएल ही जोडीच नाही. तरीही त्याच्या चुका मोजक्याच का, हे कोडं बरीच वर्षं होतं. 2017 मध्ये त्याच्या कुळातल्या जंतूंमध्ये न्यूकएस नावाचं वेगळंच प्रथिन हे काम करताना सापडलं.

"चार औषधं एकदम नकोत"

संदेशातला जीव घेणारा सल्ला हा आहे, म्हणून इथे आकडे मांडते.

टीबीच्या जंतूत, चार औषधांपैकी आयसोनियाझिडला दाद न देणारा बदल साधारण चार कोटी विभाजनांत एकदा घडतो, रिफाम्पिसिन या दुसऱ्या औषधाच्या बाबतीत साडेचारशे कोटींत एकदा. ही 1970 च्या मोजणीतली मापं आहेत. फुप्फुसात टीबीने पडलेल्या एका पोकळीत दहा कोटी जंतू सहज असू शकतात. तेव्हा गोळी तोंडात जाण्याआधीच तिथे आयसोनियाझिडला न जुमानणारे काही जंतू जन्मलेले असतात. एकटं आयसोनियाझिड दिलं तर बाकीचे मरतात, माणसाला बरं वाटतं, आणि मोकळ्या झालेल्या जागेत तेच मूठभर वाढत जातात. काही महिन्यांनी तो फक्त त्यांचा टीबी होतो. मग "लागू पडेना, आता दुसरं" म्हणून रिफाम्पिसिन सुरू केलं, की पुन्हा कोट्यवधींच्या गर्दीत दुसरा बदल शोधला जातो. एकामागून एक औषध देणं हा अनेक औषधांना दाद न देणारा जंतू घडवण्याचा रस्ता आहे.

दोन्ही औषधं एकदम दिली तर वाचण्यासाठी दोन्ही बदल एकाच जंतूत असावे लागतात. हे बदल एकमेकांपासून स्वतंत्र, म्हणून शक्यतांचा गुणाकार होतो: एकावर सतरा शून्यं इतक्या विभाजनांत जेमतेम एकदा. एवढे जंतू कोणाच्याही फुप्फुसात मावत नाहीत. टीबीचा जंतू इतर जंतूंकडून तयार जनुकं उचलत नाही. त्याचा रेझिस्टन्स त्याच्या स्वतःच्या डीएनएतल्या अशा चुकांमधूनच येतो. म्हणून हा गुणाकार त्याला इतका चोख लागू पडतो.

हे गणित माणसांच्या जिवावर शिकलं गेलं. ब्रिटनमध्ये एकट्या स्ट्रेप्टोमायसिनची चाचणी झाली, तिचे निष्कर्ष 1948 मध्ये आले. सहा महिन्यांत औषध मिळालेल्या 55 जणांपैकी 4 दगावले, न मिळालेल्या 52 पैकी 14. पण पाच वर्षांनी मोजलं तेव्हा हे अंतर बरंचसं पुसलं गेलं होतं: 55 पैकी 32 आणि 52 पैकी 35. जंतूंनी औषधाला दाद देणं थांबवलं होतं. पुढे पीएएस हे दुसरं औषध जोडीला दिल्यावर रेझिस्टन्स स्पष्टपणे घटला.

माझ्या बहिणीच्या घरी गडबड आणखी वेगळी झाली होती. तिच्या नवऱ्याने संदेश वाचून यापुढे चारऐवजी एकच गोळी घ्यायचं ठरवलं होतं. पण आपल्याकडच्या सरकारी उपचारात या टप्प्यावर मिळणाऱ्या प्रत्येक गोळीत चारही औषधं असतात. किती गोळ्या ते वजनावर ठरतं. एक गोळी घेतली तर औषधं चारच राहतात, प्रमाण मात्र पाव होतं. अर्धवट ताकद आलेले जंतूही मग त्यातून तरतात.

"निसर्गात नव्हतंच"

पेनिसिलिन नष्ट करणारं जिवाणूंचं विकर (एन्झाइम) ऑक्सफर्डमधल्या अब्राहम आणि चेन या शास्त्रज्ञांनी 1940 मध्येच नोंदवलं. तिथल्या पेनिसिलिनचे रुग्णांवरचे उपचार सुरू झाले 1941 मध्ये. कॅनडातल्या तीस हजार वर्षं गोठलेल्या मातीतही रेझिस्टन्सची जनुकं सापडली आहेत. स्ट्रेप्टोमायसिन बनवतो तो मातीतलाच जिवाणू, आणि स्वतःच्या विषापासून वाचायची सोयही त्याच्याकडे आहे. माणसाने वारेमाप वापराने या जनुकांना बाजारपेठ मिळवून दिली, हा दोष आपला, आणि तो मोठा आहे. टीबी सोडून इतर बऱ्याच जिवाणूंत ही जनुकं प्लाझ्मिड नावाच्या छोट्या डीएनए-कड्यांवरून एकाकडून दुसऱ्याकडे जातात. जपानमध्ये 1950 च्या दशकात हगवणीचे जंतू चार-चार औषधांना एकदम दाद देईनासे झाले, ते याच वाटेने.

"शरीराला सवय लागते"

बदल जंतूत होतो, माणसात नाही. म्हणूनच ज्याने आयुष्यात टीबीची एकही गोळी घेतलेली नाही, त्यालाही खोकल्यातून थेट रेझिस्टंट टीबी होऊ शकतो. मुंबईतल्या डॉक्टरांना असे रुग्ण नवे नाहीत. सीबीनॅट तपासणी रुग्णाच्या बेडक्यातल्या जंतूंच्या आरपीओबी जनुकातला 81 अक्षरांचा तुकडा वाचते आणि रिफाम्पिसिन चालेल का ते साधारण दोन तासांत सांगते.

बरं वाटलं की थांबावं का? काही साध्या संसर्गांत पूर्वीपेक्षा कमी दिवसांचं औषध पुरतं, असं आता बरेच तज्ज्ञ मानतात, आणि ते दिवस डॉक्टरांनी ठरवावेत. टीबीत मात्र नाही. ई. कोलाय वीस मिनिटांत दुप्पट होतो, टीबीच्या जंतूला जवळजवळ दिवस लागतो. त्यातले काही तर महिनोन्‌महिने सुस्त पडून राहतात, आणि औषधं वाढणाऱ्या जंतूंवर जास्त चालतात. खोकला थांबतो तेव्हा चपळ जंतू मेलेले असतात. सहा महिने लागतात ते सुस्तांसाठी.

बहिणीला मी रात्रीच फोन केला. एक दिवस चुकला तो सकाळी केंद्रावर जाऊन सांगा, लपवू नका, आणि गोळ्या आहेत तेवढ्या सगळ्या घ्या, एवढंच आधी सांगितलं. मग तिच्या नवऱ्याने फोन घेतला आणि विचारलं, "पण जंतूंना आधीच कसं कळतं?" त्यांना काहीच कळत नाही, म्हटलं, आणि भावकीचं उदाहरण दिलं. सकाळी दहाला बहिणीने रिकाम्या झालेल्या चार खळग्यांच्या पाकिटाचा फोटो पाठवला.