गुंदेशापूर ‘जगातलं पहिलं विद्यापीठ’ होतं का?

‘इ.स. 271 मध्ये सासानी सम्राट पहिला शापूर याने इराणात गुंदेशापूरला जगातलं पहिलं विद्यापीठ आणि रुग्णालय उभारलं. अथेन्सहून हाकललेले ग्रीक तत्त्वज्ञ आणि भारतीय वैद्य तिथे शिकवत. परीक्षेशिवाय वैद्यकी करता येत नसे. अरबांनी ते जाळून टाकलं.’ हा मजकूर बरीच वर्षं फिरतो आहे. यातलं शहर खरं आहे. बाकीचं बरंचसं मागाहून चिकटवलेलं आहे.

आधी स्थापना. 260 साली शापूरने रोमन सम्राट व्हॅलेरियनला कैद केलं आणि युद्धकैद्यांना आपल्या मुलखात वसवलं. त्याच्या नक्श-ए-रुस्तमच्या शिलालेखात कैद्यांच्या वसाहतींमध्ये खुझिस्तानचं, म्हणजे गुंदेशापूर ज्या प्रांतात होतं त्याचं, नाव आहे, विद्यालयाचा मात्र उल्लेख नाही. शहर नैर्ऋत्य इराणमधल्या देझफूलजवळ होतं. 1963 साली तिथे चाचणी खड्डे घेतले गेले. रस्त्यांची चौकटीची आखणी दिसली, पण रुग्णालय म्हणता येईल अशी वास्तू हाती लागली नाही.

अथेन्सचे तत्त्वज्ञ? रोमन सम्राट जस्टिनियनने 529 मध्ये अथेन्समध्ये तत्त्वज्ञान शिकवण्यावर बंदी आणल्यावर दमास्कियस, सिम्प्लिकियस वगैरे सात जण सासानी सम्राट पहिल्या खुसरोच्या दरबारात गेले. त्याच शतकातला इतिहासकार अगाथियस हे सांगतो, आणि तिथे त्यांचा भ्रमनिरास झाल्याचंही सांगतो. 532 च्या तहानंतर ते परतले. या हकिकतीत गुंदेशापूर नाही. 489 मध्ये एडेसाची ख्रिस्ती विद्वानांची शाळा बंद पडली, तेव्हाही तिथली परंपरा गुंदेशापूरला नव्हे, निसिबिसला पुढे चालली.

परीक्षेची गोष्ट बगदादची आहे: 931 मध्ये खलिफा मुक्तदिरने सिनान इब्न साबितला वैद्यांची परीक्षा घ्यायला सांगितलं. कित्येक शतकं मागे ढकलून ती गुंदेशापूरला जोडली जाते.

आणि जाळपोळ? अरबी इतिहासकार तबरीच्या म्हणण्यानुसार शहर अभयपत्रावर शरण आलं, सुमारे 638 मध्ये. त्यानंतर सव्वाशे वर्षांनीही तिथलं रुग्णालय चालू होतं. जळून खाक झालेल्या संस्थेचा प्रमुख खलिफा कसा बोलावून घेईल?

कारण 765 मध्ये नेमकं तेच घडलं. पोटाच्या विकाराने त्रस्त झालेल्या खलिफा मन्सूरने गुंदेशापूरच्या रुग्णालयाचा प्रमुख जुर्जिस इब्न जिब्रील इब्न बुख्तिशू याला बोलावलं. मुलाच्या हाती रुग्णालय सोपवून तो बगदादला गेला. इथून पुढचे पुरावे भक्कम होत जातात. त्याआधीच्या रुग्णालयाचं वर्णन मुख्यतः तेराव्या शतकातल्या किफ्ती आणि इब्न अबी उसैबिआ यांच्या चरित्रकोशांवर उभं आहे, म्हणजे सासानी काळानंतर सहा शतकांनी. इतिहासकार मायकल डॉल्स यांनी 1987 मध्ये नेमक्या याच आधाराला आव्हान दिलं.

मग उरतं काय? माझ्या मते पुष्कळ, आणि तेच झाकोळलं जातं याचं वाईट वाटतं. ही सिरियाक (अरामी भाषेचं एक रूप) बोलणाऱ्या ख्रिस्ती वैद्यघराण्यांची परंपरा होती. विद्या बापाकडून मुलाकडे जाई. युहन्ना इब्न मासवैहचा बाप याच रुग्णालयात औषधं कुटायचा; लिहिता-वाचता येत नसतानाही त्याला औषधांची पारख होती. मुलगा बगदादमधला नामांकित वैद्य झाला. त्याने हीरा शहरच्या हुनैन इब्न इसहाक या विद्यार्थ्याला, ‘तुम्ही लोक सराफी करा, वैद्यकी तुमचं काम नाही’ अशा अर्थाचं बोलून हाकललं. हुनैनने ग्रीक शिकून घेतलं आणि पुढे प्राचीन ग्रीक वैद्य गेलनच्या 129 ग्रंथांचा, कोणी कशाचं भाषांतर केलं याचा हिशेब मांडला. त्याची पद्धत आजही शिकण्याजोगी आहे: मिळतील तेवढ्या ग्रीक प्रती जमवायच्या, पाठ ताडून बघायचे, मग भाषांतराला हात घालायचा.

गुंदेशापूरच्या रुग्णालयाशीच जोडलेला साबूर इब्न सहल (मृत्यू 869) याने औषधकल्पांचा ग्रंथ लिहिला. गोळ्या, चाटणं, सरबतं, तेलं, मलमं अशी मांडणी औषधाच्या रूपानुसार केलेली. बगदादच्या अदुदी रुग्णालयात त्याची सुधारित आवृत्ती वापरात होती.

भारतीय वैद्यांचं म्हणाल तर त्यांचा ठोस पुरावा बगदादचा आहे. दहाव्या शतकातल्या ‘फिहरिस्त’ या ग्रंथसूचीनुसार बर्मकी घराण्यातला खलिफाचा वजीर याह्या इब्न खालिद याच्या सांगण्यावरून मंका नावाच्या भारतीयाने सुश्रुतसंहितेचं रूपांतर केलं आणि इब्न धन हा दुसरा भारतीय बर्मकींच्या रुग्णालयाचा प्रमुख होता. ते गुंदेशापूरला शिकवत होते, असं ती सूची कुठेही म्हणत नाही.