पॅनेलवर माशी बसली अन् धडा पुढे सरकला

आमच्या वर्गातल्या नव्या डिजिटल पॅनेलला माशी, खडू, पदर आणि मॅडम ह्यांच्यातला फरक कळत नाही. ७५ इंची आहे, भिंतीवर ठोकलेलं, टच वगैरे सगळं, लोकांना वाटतं मोठा मोबाईलच असेल, पण तसं नाही. ह्याच्या चौकटीत बारीक बारीक इन्फ्रारेड दिवे असतात आणि समोरच्या बाजूला ते किरण पकडणारे सेन्सर, म्हणजे काचेच्या अगदी वर डोळ्याला न दिसणारी किरणांची जाळी पसरलेली असते, ती जिथं अडली तिथं कोणीतरी बोट लावलं असं पॅनेल धरून चालतं. ते बोट मॅडमचं आहे की माशीचे पाय, ह्याच्याशी त्याला घेणंदेणं नाही. मी आठवीला पृथ्वीचं अंतरंग शिकवून राहिले होते, प्रावरणापर्यंत आले होते फक्त, माशी येऊन नेमकी खालच्या बाणावर बसली आणि उडून परत बसली आणि आम्ही गाभ्यात पोचलो. मागून आवाज आला, "मॅडम, माशीनं स्वाध्याय पण उघडला."

ह्या पॅनेलचं उन्हाशीही वाकडं आहे, आणि शाळा आहे नागपुरात! एप्रिलमध्ये सकाळची शाळा असते, आमच्या वर्गाची खिडकी पूर्वेला, उन्हात इन्फ्रारेड भरपूर, ते सरळ चौकटीवर पडलं की सेन्सर गांगरतात आणि पॅनेल आपलं आपणच रेघा ओढायला लागतं. एकदा तर मी बोलत असताना त्यानं माझ्या नकाशावर गुजरातपासून ओडिशापर्यंत लाल रेघ मारली, पोट्टे म्हणे कर्कवृत्त असेल, पण कर्कवृत्त महाराष्ट्रातून जात नाही आणि ही रेघ आपल्या डोक्यावरूनच चालली होती. त्यावर खडूची धूळ. पॅनेलच्या शेजारीच जुना फळा, फळ्यावरून धूळ पडते ती बरोबर खालच्या पट्टीत जाऊन बसते, मग तिथला टच मेला. दुरुस्तीवाला आला, फुंकर मारली, कापड फिरवलं आणि म्हणाला, "मॅडम, खडू बंद करा." लाईन गेल्यावर लिहू कशानं हे मात्र तो सांगून गेला नाही.

तर शिक्षकांनी तंत्रज्ञानाशी जुळवून कसं घ्यावं ह्यावर मला जर कोणी विचारलं, आणि कोणी विचारत नाही, तर माझं पहिलं उत्तर आहे पदराला पिन लावा. दुसरं, पडदा. पडद्याचा खर्च कोणत्या हेडखाली टाकायचा ह्याच्यावर ऑफिसात एवढी चर्चा झाली की तेवढ्यात पावसाळा आला असता, शेवटी मी घरून एक जुनी सोलापुरी चादर आणली आणि खिडकीला बांधली. एवढं महागाचं पॅनेल, आणि ते चालतं कशावर तर माझ्या आईच्या चादरीवर.

तिसरं म्हणजे पॅनेल मॉनिटर नेमा, आणि हुशार पोरगा नेमू नका. हुशार पोरगा घाबरतो, काही बिघडलं तर माझे मार्क जातील असं त्याला वाटतं. मी शेवटच्या बेंचवरचा निवडला, ज्याचं नाव पालकसभेत कायम पहिलं निघतं. तो आता रोज सगळ्यांच्या आधी येतो, पॅनेल सुरू करतो, पट्टी पुसतो, आणि मला त्याला हात लावू देत नाही. "मॅडम, तुम्ही नका करू ना बाप्पा, तुम्ही फक्त सांगा." पूर्वी मी त्याला बस म्हणायची, आता तो मला म्हणतो. बाकीच्या स्टाफला हे आवडलं नाही, एक सर म्हणाले की शिस्त राहत नाही अशानं, पण त्यांच्या वर्गातलं पॅनेल आलं तसं प्लॅस्टिकच्या कव्हरात आहे, शिस्तीत.

ट्रेनिंगचं काय सांगावं. ऑनलाईन असते, व्हिडिओ पाहायचे, शेवटी प्रश्न सोडवायचे, मग सर्टिफिकेट. व्हिडिओ पुढे ढकलता येत नाही अशी सोय करून ठेवली आहे, म्हणजे शिक्षक लबाडी करणार हे गृहीतच धरलं आहे, आणि ते बरोबर आहे. रविवारी सकाळी आमचा अर्धा स्टाफ तर्री पोहे खाऊन राहिला असतो आणि बाजूला मोबाईल उलटा ठेवून त्यात व्हिडिओ चालू, "अध्ययन निष्पत्ती" असं काहीतरी टेबलाच्या खालून ऐकू येत असते. मग रात्री ग्रुपवर उत्तरं फिरतात, १-ब, २-क, ३-ड, हात जोडलेला इमोजी. मागच्या वेळी त्यातलं पाचवं उत्तर चुकीचं फिरलं आणि आख्ख्या शाळेचं पाचवंच चुकलं. असं दोन पोरांच्या पेपरात दिसलं असतं तर आम्ही दोघांना ऑफिसात उभं केलं असतं. सगळ्यात भैताड गोष्ट म्हणजे तो पाचवा प्रश्न होता ऑनलाईन परीक्षेत कॉपी कशी रोखावी.

लॉकडाऊनबद्दल मी लिहीत नाही, २०२० च्या झूमवर सगळ्यांनी सगळं लिहून झालं आहे. एकच सांगते, त्या डिसेंबरात सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या झेडपी शाळेचे रणजितसिंह डिसले गुरुजी, त्यांना ग्लोबल टीचर प्राईज मिळालं, दहा लाख डॉलर, त्यातले अर्धे त्यांनी बाकीच्या नऊ फायनलिस्टमध्ये वाटून टाकले. पुस्तकांना क्यूआर कोड लावणारे ते हेच गुरुजी. मला मनापासून आनंद झाला आणि तो संध्याकाळपर्यंत टिकला, कारण संध्याकाळी नात्यातल्या लोकांचे फोन सुरू झाले. "तुमच्या पुस्तकाला पण क्यूआर कोड लाव ना एखादा." मी म्हटलं, मामा, आमच्या पुस्तकांवर तो छापूनच येतो आता, स्कॅन केला की दीक्षा ॲपवर त्या धड्याचे व्हिडिओ दिसतात. मामा थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, "मंग तुले काऊन नाही भेटलं?"

फॉन्टचं दुःख मात्र ज्याचं त्यालाच माहीत. आमच्याकडे वीस वर्षांच्या प्रश्नपत्रिका आहेत, सगळ्या जुन्या फॉन्टात टाईप केलेल्या, म्हणजे आतमध्ये अक्षरं इंग्रजीचीच असतात, फॉन्ट त्यांच्यावर मराठीचा मुखवटा चढवतो, आणि तो फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर फाईल उघडली की मुखवटा गळून पडतो आणि "गाळलेल्या जागा भरा" च्या ठिकाणी कंस, डॉलर आणि टक्के दिसतात. नव्यानं रुजू झालेल्या मॅडमनी अशी एक फाईल उघडून मला घाबरून विचारलं, हा व्हायरस आहे का? मी म्हटलं, नाही, सहामाही आहे. युनिकोडमध्ये हा प्रकार होत नाही, तिथं प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा नंबर आहे, कुठल्याही मोबाईलवर उघडा, मराठीच दिसते. हे मी स्टाफरूममध्ये समजावून सांगितलं, सगळ्यांनी माना डोलावल्या आणि क्लार्कनं पुढचा पेपर परत जुन्या फॉन्टातच टाईप केला, कारण त्याच्या बोटांना तेवढंच येतं. त्याला नावं ठेवून उपयोग नाही, बोटांची सवय बदलणं सोपं नसते. मी स्वतः आता मोबाईलला बोलून टाईप करते, तो ऐकतो बरं, फक्त "घटक चाचणी" ची त्यानं एकदा "घटक चटणी" केली होती आणि ती तशीच पालकांच्या ग्रुपवर गेली, दोघातिघांनी रेसिपी विचारली.

आता जिथं पॅनेलचं खरंच काम आहे तिथं येते. आठवीला स्थानिक वेळ आणि प्रमाण वेळ असा धडा आहे. वर्षानुवर्षं मी तो गोल आणि टॉर्च घेऊन शिकवला, पोरं टॉर्चकडे पाहायची. ह्या वेळी पॅनेलवर गुगल अर्थ उघडलं. पहिले काही तास वाया जाणार हे धरूनच चालायचं, कारण प्रत्येकाला आधी स्वतःचं घर पाहायचं असते, मग वर्गातल्या दुसऱ्याचं घर, मग ज्याच्याशी भांडण आहे त्याचं घर आणि त्याच्या छतावर वाळत टाकलेलं काही दिसते का. मी आडवी नाही गेले. घर सापडलं की खाली अक्षांश रेखांश दिसतात, तेवढे फक्त वहीत लिहा म्हटलं. नागपुरातल्या झिरो माईलच्या दगडापासून सुरुवात केली, २१.१५ उत्तर, ७९.०८ पूर्व, मग प्रत्येकाची गल्ली. सगळ्यांचे पहिले आकडे सारखेच आणि तिसऱ्या दशांशापाशी भांडण, तेव्हा कुठं एकानं विचारलं की मॅडम, ह्या तिसऱ्या दशांशात किती अंतर असते? अक्षांशाच्या एका अंशाला साधारण १११ किलोमीटर, म्हणजे तिथं १११ मीटर. रेखांशाचं गणित वेगळं, ते ध्रुवाकडे जाता जाता जवळ येतात, आपल्या नागपुरापाशी एका अंशाला १०४ च्या आसपास. हा प्रश्न माझ्या आख्ख्या नोकरीत कोण्या पोट्ट्यानं स्वतःहून विचारला नव्हता.

त्यातून पुढचं संकट उभं राहिलं. भारताची प्रमाण वेळ ८२.५ अंश पूर्वेवरून ठरते, आपण ७९.१ वर, फरक ३.४ अंश, एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे नागपूरची स्थानिक वेळ घड्याळाच्या साडेतेरा मिनिटं मागं. दुसऱ्या दिवशी प्रार्थना संपल्यावर एक पोरगा निवांत चालत आला, पीटीच्या सरांनी अडवलं, तर म्हणे, "सर, स्थानिक वेळेनं मी लेट नाही, मॅडमले विचारा." सर माझ्याकडे आले. मी आकडेमोड तपासली, बरोबर होती. सरांनी त्याला मैदानाच्या चकरा मारायला लावल्या, प्रमाण वेळेनं.

आणि फोटो. तास झाला ह्याचा पुरावा म्हणून फोटो टाकायचा असतो, त्यावर तारीख, वेळ आणि अक्षांश रेखांश छापून आले पाहिजेत. तास पस्तीस मिनिटांचा, त्यात पोरांना पॅनेलकडे बघत बसल्यासारखं बसवायचं (ती आधीपासून पॅनेलकडेच बघत असतात, कॅमेरा काढला की कॅमेऱ्याकडे बघतात), मग पोर्टल उघडत नाही, मग उघडते पण फोटो घेत नाही, मग साईज कमी करा म्हणते. मला ह्या सगळ्या प्रकाराचा खरा राग कशाचा असेल तर ह्याचा. शिकवायला मशीन दिलं आणि शिकवल्याचा हिशोब द्यायला त्याच्याहून जास्त वेळ मागितला. एका फोटोवरचे आकडे माझ्या मॉनिटरनं झूम करून वाचले आणि चिल्लावला, "मॅडम, आपली शाळा फुटाळ्यात दाखवून राहिली!" फोनला जुनंच लोकेशन लागलेलं होतं, मी आदल्या संध्याकाळी तिथं तलावावर भुट्टा खायला गेले होते. पोरांनी लगेच वह्या काढल्या, रेखांशातला फरक गुणिले १०४, आमची शाळा महालात, महाल ते फुटाळा सरळ रेषेत सात किलोमीटरच्या आसपास. फोटो मंजूर झाला. वर कोणी आकडे वाचत नाही, ते फक्त आहेत की नाही एवढंच बघतात.

शून्य सावलीचं पण असंच, नागपुरात सूर्य बरोबर डोक्यावर येतो २६ मेच्या सुमारास, तेव्हा उन्हाळ्याच्या सुट्ट्या, आणि परतीच्या वाटेवर जुलैच्या मध्यात, तेव्हा ढग. शाळेच्या पोरांना ती सावली नाहीशी होताना कधी दिसतच नाही. स्टेलॅरियम नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर आहे, त्यात तारीख टाकून सूर्य फिरवून दाखवला, तर मॉनिटर म्हणे मॅडम ढग बंद करायचं बटन बाहेर पाहिजे होतं.

सध्या नवीन पाहुणा एआय. गृहपाठ दिला, आपल्या शहराला पाणी कुठून येते? नागपुरातलं लहान पोरगंही सांगेल की पेंचचं येते, कन्हानचं येते, गोरेवाड्याचं येते. चार वह्यांमध्ये सुंदर अक्षरात एकच उत्तर, "नागपूरकर आपली तहान नाग नदीच्या निर्मळ पाण्यावर भागवतात." नाग नदी म्हणजे आता शहराचं सांडपाणी. मी ते वर्गात मोठ्यानं वाचलं. ज्यांनी लिहिलं होतं ते चौघं सगळ्यात जास्त हसले, कारण त्यांनी ते पहिल्यांदाच ऐकलं होतं. तेव्हापासून मी एआयला बंदी नाही घातली, प्रश्न बदलले. तुमच्या घरचा नळ किती वाजता येतो, पाण्याचा वास उन्हाळ्यात बदलतो का, आजीच्या वेळी विहीर कुठं होती. हे मोबाईलला माहीत नाही, आजीला विचारावं लागते, आणि आजी एका प्रश्नात सोडत नाही.

पोळ्याच्या आधी त्याच मॉनिटरनं येऊन विचारलं, त्यांच्या मोहल्ल्यात पोट्टे बडगा, म्हणजे मोठा पुतळा, करून राहिले होते, मारबत ह्या बाईच्या पुतळ्याच्या मिरवणुकीत काढायला. दरवर्षी त्यावर काही ना काही लिहिलेलं असते, महागाई, खड्डे, भ्रष्टाचार, जे शहराबाहेर घालवायचं ते. "मॅडम, एक तुमच्याकडून घ्या ना." मी तिथल्या तिथं मोबाईलवर टाईप करून पाठवलं, "सर्व्हर डाउन घेऊन जा गे मारबत", शुद्ध युनिकोडमध्ये. ते फ्लेक्सवाल्याकडे गेलं, त्याच्याकडे जुनं सॉफ्टवेअर, त्यात जोडाक्षरं फुटतात, आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारीच्या गल्लीतून बडगा हातभर अक्षरांत "सव्र्हर डाउन" मिरवत गेला. एकाही माणसानं चूक काढली नाही. आमच्या शाळेचा क्लार्क गर्दीत सगळ्यात पुढे होता आणि सगळ्यात मोठ्यानं ओरडून राहिला होता.